भूमिका कीं देखावा?

“जुनें तें सोनें” असें वडिलांनीं म्हणावें आणि “जुनें तें जुनाट” असें तरुणांनीं उत्तर द्यावें, हा तंटा आपल्या घरांतून पूर्वीं गाण्यावरून, नाटकावरून व पोषाखावरून होत असे. अलीकडे तो संगणकावरील खेळांवरूनहि होऊं लागला आहे. चाळिशी उलटलेला काका आणि महाविद्यालयांत जाणारा पुतण्या ज्या घरांत एका छपराखालीं नांदतात, तेथें तो कानीं पडल्यावांचून राहत नाहीं. काका म्हणतो, “आमच्या वेळचे खेळ डोकें चालवावयास लावीत, तुमचे नुसते डोळे दिपवितात.” पुतण्या म्हणतो, “काका, तुमच्या त्या खेळांत पाहण्यासारखें होतें तरी काय? चिमुकलीं चित्रें आणि पानभर इंग्रजी!” आजोबा दोघांसहि रिकामटेकडे ठरवून वर्तमानपत्रांत डोकें घालतात. आमच्या मतें आजोबांनीं या वादांत थोडें लक्ष घालावें. मूल ज्या खेळांत शेंकडों तास घालवितें त्या खेळानें त्याच्या मनावर कांहींच संस्कार होत नसेल, असें मानणें धाडसाचें आहे.

प्रथम हे खेळ म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. कारण ज्यांनीं ते पाहिले नाहींत, त्यांस सर्वच संगणक-खेळ गोळ्या झाडण्याचे किंवा मोटारी पळविण्याचे वाटतात. इंग्रजींत ज्यांस ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात त्यांस आपण भूमिका-खेळ म्हणूं. अशा खेळांत खेळणारा योद्धा, वैद्य, चोर, मांत्रिक अशा एखाद्या पात्राचें सोंग घेतो व त्या पात्राच्या नांवानें एका कल्पित देशांत आठवडेच्या आठवडे वावरतो. तेथें त्याला माणसें भेटतात, कामें सांगतात, क्वचित् फसवितातहि. तो शिकत जातो, त्याचें बळ वाढतें, आणि त्यानें केलेल्या निवडीवर पुढील कथा अवलंबून राहते. या प्रकाराचा उगम संगणकांत नसून मेजावर आहे. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यांत चारपांच मित्र मेजाभोंवतीं बसत. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगे, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून काय करणार तें बोलत, आणि यशापयशाचा निकाल फांशांनीं लागे. पुढें संगणकानें या सूत्रधाराची जागा घेतली.

सोंग घेण्याचा हा आनंद चंद्रपूर-गडचिरोलीकडील माणसास नव्यानें समजावून सांगावा लागत नाहीं. झाडीपट्टींत दिवाळी सरली कीं मंडया भरूं लागतात, आणि मंडईच्या रात्रीं नाटक हें ठरलेलेंच. वडसा-देसाईगंज हें या नाटकांचें ठाणें. तेथील मंडळ्या हिंवाळाभर गांवोगांव जातात व रात्रीं उभें राहिलेलें नाटक पहांटेपर्यंत चालवितात. या रंगभूमीवरील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां सगळ्या झाडीपट्टीचाच सन्मान झाला. परंतु या नाटकाच्याहि आधींची जी दंडार, तिच्यांत ना रंगविलेला पडदा, ना सजविलेला मंच. मोकळ्या जागेंत गांवचाच एखादा पुरुष लुगडें नेसून राणी होई. राणीचा वाडा मात्र पाहणाऱ्यानें आपल्या मनांत बांधावयाचा. आजच्या मंडळ्यांजवळ झगझगीत दिवे आहेत, ध्वनिक्षेपक आहेत, बदलते देखावे आहेत. दंडारींत जें होतें तें या झगमगाटांत उरलें काय, असा प्रश्न जुन्या प्रेक्षकास पडतो. आणि काकाचा प्रश्न तरी याहून निराळा कोठें आहे?

या प्रश्नास उत्तर देण्यासाठीं एक जुनें माप आपल्याजवळ आहे. नाट्यशास्त्रांत भरतमुनींनीं अभिनयाचे चार प्रकार सांगितले. हातापायांच्या व मुद्रेच्या हालचालींचा तो आंगिक. शब्दांचा तो वाचिक. वेष, अलंकार, रंगरंगोटी यांचा तो आहार्य. आणि मन भूमिकेशीं एकरूप झालें असतां आपोआप उमटणारा, ज्यांत अश्रु व रोमांच येतात, तो सात्त्विक. पहिले तीन शिकवितां येतात; आहार्य तर बाजारांतून विकतहि आणतां येतो. चौथा मात्र ज्याचा त्यानें आंतून आणावा लागतो. संगणकावरील खेळांत नट आणि प्रेक्षक एकच असल्यामुळें हा चौथा भाग खेळणाऱ्याच्या वांट्यास येतो. खेळ त्याला तो वांटा उचलावयास लावतो कीं नाहीं, एवढेंच आपण पाहूं.

जुन्या खेळांत आहार्य जवळ जवळ नव्हताच. १९८१ सालीं निघालेल्या ‘विझर्ड्री’ या खेळांत एका भुयाराचे दहा मजले असत. प्रत्येक मजला वीस घरें लांब व वीस घरें रुंद. पडद्यावर दिसे काय, तर भिंतींच्या कांहीं रेघा. आपण कोठें आहों हें खेळ सांगत नसे. खेळणारा चौकटींचा कागद पुढें घेऊन पाऊल टाकील तसा नकाशा काढीत जाई. एक घर चुकलें कीं पुढचा सारा नकाशा चुके व बाहेर पडण्याची वाट सांपडत नसे. तुकडींतील साहींजण भुयारांत पडले, तर त्यांचीं प्रेतें तेथेंच राहत. नवी तुकडी उभारून तीं शोधून आणावीं लागत. १९८८ सालच्या ‘पूल ऑफ रेडियन्स’ मध्यें कथेचे मोठे उतारे संगणकाच्या पोटांत मावण्यासारखे नसल्यामुळें खेळाबरोबर एक छापील वही मिळे, आणि योग्य वेळीं खेळ सांगे कीं वहींतील अमुक क्रमांकाचा मजकूर वाचा. त्या वहींत कांहीं खोट्या बातम्याहि मुद्दाम घातलेल्या होत्या. पुढचीं पानें चोरून वाचणारा फसावा, ही योजना!

परंतु या सर्व जुन्या खेळांत एकाचें नांव संस्कृत जाणणाऱ्यास थांबवून ठेवील. १९८५ सालीं रिचर्ड गॅरियट यांनीं ‘अल्टिमा’ मालेंतील चौथा खेळ काढला. त्याचें उपनांव ‘क्वेस्ट ऑफ दि अवतार’. अवतार हा शब्द आपलाच. तोंपर्यंतच्या बहुतेक खेळांचा शेवट एखाद्या दुष्टाच्या वधानें होई. या खेळांत अखेरीस वधावयाचा असा राक्षसच नाहीं. प्रामाणिकपणा, दया, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म व नम्रता या आठ गुणांत पूर्ण होणें हें येथील साध्य. आरंभीं भविष्य सांगणारी एक स्त्री तुम्हांस पेंचांत टाकणारे प्रश्न विचारते: दोन गुण एकमेकांच्या आड आले तर तुम्ही कोणता राखाल? तुमच्या उत्तरांवरून तुमचें पात्र ठरतें. नम्रतेस सर्वांवर मान देणारा मेंढपाळ होतो, आणि त्याचा मार्ग सर्वांत खडतर असतो.

पुढें वनस्पति विकणारी एक आंधळी बाई भेटते. ती मालाची किंमत सांगते व पैसे मोजून ठेवण्याचें काम तुमच्यावरच सोडते. दहा मोहरांचा माल घेऊन एकच मोहर ठेवली, तरी ती बिचारी कांहीं बोलत नाहीं. खेळहि कांहीं बोलत नाहीं. मात्र चित्रगुप्ताच्या वहींत टीप व्हावी तसा तुमचा प्रामाणिकपणा आंतल्या आंत कमी होतो, आणि पुष्कळ दिवसांनीं राजवाड्यांतील द्रष्ट्या पुरुषासमोर उभे राहिलां म्हणजे तो वर्मावर बोट ठेवतो. चित्रें म्हणाल तर पटावरील सोंगट्यांएवढीं. पण त्या आंधळ्या बाईसमोर एकांतांत बसलेला मुलगा पैसे मोजतांना क्षणभर थांबला असेल, तर तो क्षण सात्त्विक अभिनयाचाच होय.

यापुढें नव्याकडे वळूं. खेळांतील चित्रें सुधारलीं, आवाज आले, देश विस्तारले. त्याबरोबर एक गोष्ट हळू हळू निघून गेली. अमेरिकेंतील एकाच कंपनीचे दोन खेळ शेजारीं ठेवले म्हणजे ती नेमकी दिसते. २००२ सालच्या ‘मॉरोविंड’ मध्यें एखाद्या गुहेचा पत्ता विचारला, तर माणूस तोंडीं सांगे: नदी ओलांडा, उत्तरेस चाला, मोठा खडक दिसला कीं डावीकडे वळा. तें रोजनिशींत उतरे, आणि खेळणाऱ्यानें डोळे उघडे ठेवून वाट काढावयाची. २००६ सालच्या ‘ऑब्लिव्हियन’ मध्यें पडद्यावर होकायंत्र आलें व त्यावर ठिकाणाची खूण दिसूं लागली. खुणेकडे तोंड करून चालत राहिलें कीं झालें. नदी कोणती, खडक कोणता, पत्ता सांगणारा कोण, यांतलें कांहींएक ध्यानांत ठेवावें लागत नाहीं. पुढें ही खूण अशा बहुतेक मोठ्या खेळांत रूढ झाली.

आमच्या भागांतील वाचकांस यांतील मर्म लागलींच कळेल. भामरागड किंवा एटापल्लीच्या रानांत मोबाइलचा संपर्क तुटला, कीं त्यावरील नकाशाच्या भरंवशावर आलेला पाहुणा जागच्या जागीं उभा राहतो. बरोबरचा माडिया गडी मात्र मोहाचें झाड, वारूळ, कोरडा पडलेला ओढा पाहत निमूटपणें पुढें जातो. दोघांनीं तीच वाट दहा वेळां तुडविली असली तरी एकाच्या मनांत ती वाट आहे, दुसऱ्याच्या मनांत फक्त बाण. बाण पाहणाऱ्यास रान दिसत नाहीं. आणि ज्याला रान दिसलें नाहीं त्यानें वनवासी वीराची भूमिका केली असें कोणीं म्हणावें?

नीतीच्या प्रश्नासहि असाच बाण लागला. २००७ सालच्या ‘मास इफेक्ट’ या गाजलेल्या खेळांत सौजन्यानें मन वळविणारें उत्तर निळ्या अक्षरांत व धाकदपटशाचें तांबड्या अक्षरांत दिसे, आणि त्या त्या खात्यांत गुण जमा होत. उत्तरावर आधींच रंग चढला म्हणजे मुलगा प्रसंगाचा विचार सोडून गुणांची बेरीज करूं लागतो. परीक्षेंत कोणत्या प्रश्नास किती गुण तेवढें पाहून अभ्यास करणारे विद्यार्थी प्रत्येक शिक्षकानें पाहिले आहेत. त्यांस उत्तर येतें, विषय येत नाहीं.

येथवर वाचून काका मिशींतल्या मिशींत हंसूं लागला असेल. म्हणून पुतण्याची बाजूहि तितक्याच मोकळेपणानें मांडली पाहिजे. ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रारंभीं कालिदासानें सूत्रधाराकडून हेंच वदविलें आहे कीं, केवळ जुनें म्हणून काव्य चांगलें ठरत नाहीं व केवळ नवें म्हणून टाकाऊ होत नाहीं, त्या काळीं कालिदास स्वतः नवा होता! जुन्या खेळांचे दोष पुष्कळ होते. त्याच त्या राक्षसांशीं शेंकडों लढाया कराव्या लागत; त्यांत ना बुद्धि लागे, ना भाव. कोणत्या कळीनें काय होतें हें जाणण्यास जाडजूड पुस्तक चाळावें लागे. आणि ज्यास इंग्रजी वाचतां येत नसे, त्यास दार पहिल्या पावलापाशींच बंद होतें. शब्दांवांचून दुसरें साधन नव्हतें म्हणून शब्द होते. त्या दारिद्र्यासच तपश्चर्या म्हणणें हा जुन्यांचा पक्षपात होय.

काका-पुतण्यांच्या सुदैवानें एकच नांव दोघांच्याहि पिढींत आलें आहे. ‘बाल्डर्स गेट’ १९९८ सालीं कॅनडांतील बायोवेअर कंपनीनें पांच तबकड्यांवर काढला. त्याचा तिसरा भाग २०२३ सालीं बेल्जियममधील लॅरियन कंपनीनें काढला. पहिल्यांत माणसें वरून दिसत, बोटाच्या पेराएवढीं, आणि संभाषण बहुतांशीं वाचावयाचें. तिसऱ्यांत प्रत्येक संवाद नटांच्या आवाजांत ऐकूं येतो, भुंवई उंचावलेली दिसते, ओंठ थरथरलेला दिसतो. म्हणजे आंगिक व आहार्य दोन्ही भरपूर. तरीहि या थाटाखालीं जुना सूत्रधार जिवंत आहे. कठीण प्रसंगीं वीस बाजूंचा फांसा डोळ्यांदेखत पडतो, आणि अपयश आलें तरी कथा थांबत नाहीं. त्या अपयशास धरूनच ती पुढें सरकते. आरंभींच्या भागांत निर्वासितांस आसरा देणारी एक वनराई येते. लुटारूंशीं हातमिळवणी करून तिचा घात केला, तर आपल्या सोबत्यांपैकीं कांहीं जण आपलें तोंडहि पाहूं इच्छीत नाहींत व सोडून जातात. येथें निळीं-तांबडीं अक्षरें नाहींत. जें केलें त्याचें फळ समोर उभें राहतें. मात्र एक सूचना केली पाहिजे: या खेळांत केवळ प्रौढांसाठीं असलेले प्रसंग आहेत, व वयाची अट त्यावर छापलेली असते. ती अट घरच्यांनीं वाचावी.

हें एकच उदाहरण नव्हे. १९९९ सालच्या ‘प्लेनस्केप: टॉरमेंट’ मध्यें स्मृति गमावलेला, मरण न येणारा एक पुरुष आपल्याच पूर्वकर्मांचा माग काढीत फिरतो, खेळांत लक्षावधि शब्द आहेत. त्याचाच वारसा वीस वर्षांनीं, २०१९ सालीं, एस्टोनियांतील लेखकांनीं रचलेल्या ‘डिस्को एलिसियम’ नें चालविला. त्यांत नेहमींसारखी लढाई नाहींच. नायकाचे गुणच—तर्क, सहानुभूति यांसारखे—मनांतल्या मनांत त्याच्याशीं वाद घालतात व पुष्कळदां त्याला भलतीच सल्लाहि देतात. २०२२ सालच्या ‘एल्डन रिंग’ या जपानी खेळानें तर कामांची यादी ठेवण्याचेंच नाकारलें. कोणी काय सांगितलें तें खेळणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें. चौकटीचा कागद गेला, पण वही पुन्हां उघडावी लागली!

तेव्हां सालावरून निवाडा होत नाहीं. परंतु नव्या काळाचा एक दोष असा आहे कीं ज्याला जुन्यांत तोड नाहीं. जुना खेळ एकदां विकत घेतला कीं दुकानदाराशीं व्यवहार संपे. २००६ सालीं, उपरोक्त ‘ऑब्लिव्हियन’ मध्येंच, घोड्यास घालावयाचें चिलखत सुमारें अडीच डॉलरांस निराळें विकावयास काढलें, तेव्हां लोक हंसले. आज तें हंसणें आठवत नाहीं इतकी ती प्रथा पसरली. मोबाइलवर फुकट मिळणारे अनेक भूमिका-खेळ याच विक्रीवर चालतात. २०२० सालीं आलेल्या ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या चिनी खेळांत नवीं पात्रें सोडतीसारखीं निघतात. हवें तें पात्र निघेपर्यंत सोडत पुन्हां पुन्हां काढावीशी वाटते, आणि सोडत काढण्याचें साधन पैशानेंहि मिळतें. बेल्जियमच्या जुगार-नियामक मंडळानें २०१८ सालीं खेळांतील अशा कांहीं पेट्यांस जुगारच ठरविलें. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तांत जुगाऱ्याचा जो विलाप आहे, त्यांत घरादारानें दूर लोटलेला माणूस ‘आतां खेळणार नाहीं’ असें ठरवितो आणि फांशांचा आवाज कानीं येतांच पुन्हां तिकडे वळतो. फांसा ‘बाल्डर्स गेट’ मध्येंहि आहे. तेथें तो कथेचा निकाल करतो. सोडतीच्या खेळांतला फांसा खेळणाऱ्याच्या खिशाचा निकाल करतो. आईबापांनीं भ्यावयाचेंच असेल तर राक्षसांच्या चित्रांस न भितां या दुसऱ्या फांशास भ्यावें.

आपल्याकडे या विद्येंत कांहींच होत नाहीं, असें मात्र समजूं नये. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेनें २०२० सालीं ‘राजी’ नांवाचा खेळ जगापुढें मांडला. काटेकोर बोलावयाचें तर तो भूमिका-खेळ नसून पराक्रमाचा खेळ आहे. पण त्यांत हरवलेल्या भावास शोधणारी एक मुलगी नायिका आहे, दुर्गा व विष्णु यांच्या संवादांतून कथा उलगडते, आणि पहाडी चित्रशैली व छायाबाहुल्या यांचा आहार्य फार देखणा साधला आहे. २०२२ च्या सुधारलेल्या आवृत्तींत हिंदी संवादहि आले. ज्या झाडीपट्टींत झाडीबोलींतील नाटकावर लोक अख्खी रात्र जागून काढतात, तेथील एखाद्या तरुणानें आपल्या बोलींत असा खेळ रचावा, ही अपेक्षा आम्हांस अवास्तव वाटत नाहीं. चांद्याच्या परकोटाचीं चार दारें, मार्कंड्याचीं देवळें, वैनगंगेचा उन्हाळी पात्रांतला वाळवंट-रस्ता, एवढें नेपथ्य तयारच आहे. वाचिक तर आपल्या आजीच्या तोंडीं आहे.

अखेर घरांतील वडिलांनीं करावें काय? खेळ सरसकट बंद करणें व सरसकट मोकळा सोडणें या दोन्ही गोष्टी सोप्या आहेत, म्हणूनच त्या केल्या जातात. मधला मार्ग थोडा कष्टाचा आहे. रात्रीं जेवतांना मुलास तीन प्रश्न विचारावे: आज तुझ्या पात्रानें काय ठरविलें? कां ठरविलें? आणि त्याचें पुढें काय झालें? मुलगा हात वाळेपर्यंत सांगत बसला, मध्येंच काकानें “मी असतों तर असें केलें नसतें” म्हणून वाद घातला, आजीनें “त्या आंधळ्या बाईचे पैसे दिलेस ना रे?” म्हणून विचारलें, तर तो खेळ जुना असो वा नवा, निर्धास्तपणें खेळूं द्यावा, तेथें भूमिका आहे. उलट “पातळी वाढली” किंवा “नवें पात्र निघालें नाहीं, थोडे पैसे द्या” याखेरीज त्याला सांगण्यासारखें कांहीं नसेल, तर समजावें कीं आपला मुलगा रंगमंचावर नसून तिकीट काढून मंडपांत बसला आहे, आणि तिकिटाचे पैसे दर घटकेला पुन्हां मागितले जात आहेत.